गाडीचे दिवे आणि रस्त्यावरचा माणूस

मोटारगाडीचे दिवे आणि तिची स्थिरता या विषयावर एका समाजवादी साप्ताहिकाने जागा खर्ची घालावी, याचे काही साथींना नवल वाटेल. ज्यांच्याकडे गाडी आहे त्यांनी ती नीट चालवावी, आपण एस.टी.चे आणि रेल्वेचे प्रश्न पाहू, अशी आपली आजवरची साधारण वृत्ती आहे. सार्वजनिक वाहतुकीचा आग्रह सोडावा असे माझे म्हणणे मुळीच नाही. परंतु रात्री आठनंतर कोणत्याही राज्यमार्गाच्या कडेला अर्धा तास उभे राहून पाहावे, म्हणजे हा गाडीवाल्यांचा खाजगी प्रश्न नव्हे हे ध्यानात येईल. गाडी एकाची असते; तिच्या दिव्याचा झोत येणाऱ्याजाणाऱ्या सर्वांच्या डोळ्यांवर पडतो, आणि तिचा तोल गेला तर ती कोणाच्या अंगावर जाईल हे नोंदणीच्या कागदावर लिहिलेले नसते.

केंद्रीय परिवहन मंत्रालयाचेच आकडे घ्या. २०२२ साली देशात ४,६१,३१२ अपघात झाले आणि त्यांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. यांपैकी ७४,८९७ जण दुचाकीवर होते आणि ३२,८२५ जण पायी चालत होते. म्हणजे मरणाऱ्या दर शंभरांत चौसष्ट माणसे अशी की, ज्यांच्याभोवती पत्र्याचे कवचही नव्हते. सुरक्षिततेची चर्चा मात्र वातानुकूलित गाडीच्या आत बसलेल्याच्या जिवापाशी सुरू होते आणि बहुधा तेथेच संपते.

गेल्या तीस वर्षांत या क्षेत्रात विज्ञानाने केलेली प्रगती खरोखर मोठी आहे, आणि ती नाकारण्याचा करंटेपणा आपण करू नये. जोरात ब्रेक दाबला की चाके जाम होतात, गाडी घसरत जाते आणि स्टिअरिंग फिरवूनही वळत नाही. हे टाळण्यासाठी एबीएस ही यंत्रणा चाक जाम होऊ लागताच ब्रेकचा दाब क्षणोक्षणी सोडते आणि पुन्हा देते. स्थिरता-नियंत्रण यंत्रणा, जिला ईएससी म्हणतात, ती याच्या पुढचे पाऊल. चालकाने स्टिअरिंग कोणत्या दिशेला फिरवले आहे आणि गाडी प्रत्यक्षात कोणत्या दिशेला गरगरते आहे, याचा मेळ ती अखंड घालत असते. मेळ चुकला की कोणत्या तरी एकाच चाकाला ब्रेक लावून ती गाडी पुन्हा वाटेवर आणते. एकटीच गाडी रस्ता सोडून उलटते अशा प्रकारच्या प्राणघातक अपघातांचा धोका या यंत्रणेने जवळजवळ निम्म्याने घटतो, असे अमेरिकेतील अभ्यासकांना आढळले आहे.

पण ही यंत्रणा सामान्यांच्या गाडीत आली कशी, हा इतिहास आपल्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे. १९९५ साली मर्सिडीझच्या सर्वांत महागड्या गाड्यांत ती प्रथम बसवली गेली. १९९७ च्या ऑक्टोबरमध्ये त्याच कंपनीची नवी छोटी गाडी, ए-क्लास, स्वीडनमधील एका मोटार-नियतकालिकाच्या चाचणीत उलटली. रस्त्यावर अचानक मोठे जनावर आडवे आले तर चालक जसे झटकन वळण घेईल, तसे वळण घेण्याची ती चाचणी होती. जगभर नाचक्की झाली, विक्री थांबवावी लागली, आणि मग जी यंत्रणा धनिकांच्या गाडीचा अलंकार होती ती त्या छोट्या गाडीत सरसकट बसवली गेली. एका रात्रीत तंत्रज्ञान स्वस्त झाले असे काही नाही. अब्रू महाग झाली. पुढे अमेरिकेत २०१२ सालच्या मॉडेलपासून आणि युरोपात २०१४ पर्यंत प्रत्येक नव्या गाडीला ती कायद्याने सक्तीची झाली.

याच्या तीस वर्षे आधी अमेरिकेत राल्फ नेडर या तरुण वकिलाने हेच युद्ध लढले होते. १९६५ च्या त्याच्या पुस्तकाचे पहिलेच प्रकरण वळणावर तोल जाणाऱ्या कॉर्व्हेअर या गाडीवर होते. जनरल मोटर्सने त्याच्या मागे खाजगी गुप्तहेर लावले. १९६६ साली कंपनीच्या अध्यक्षांना सिनेटच्या समितीपुढे त्याची माफी मागावी लागली आणि त्याच वर्षी अमेरिकेत वाहन-सुरक्षेचा राष्ट्रीय कायदा झाला. तोपर्यंत कंपन्यांचे पालुपद एकच होते: अपघात चालकाच्या चुकीने होतात, यंत्राचा त्यात दोष नाही. आपल्याकडे हे पालुपद अजून आळवले जाते.

जानेवारी २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतात विकल्या जाणाऱ्या पाच लोकप्रिय छोट्या गाड्या भिंतीवर आपटून पाहिल्या. पाचांनाही शून्य तारे मिळाले. त्यांतल्याच एका गाडीची दोन एअरबॅगा असलेली आवृत्ती तपासली, तेव्हा तिला चार तारे मिळाले. ज्ञान होते, यंत्र होते. ते कोणाला द्यायचे याचा हिशेब वेगळा होता. आपल्याकडे एबीएस सर्व नव्या मोटारींना सक्तीचे होण्यास एप्रिल २०१९ उजाडला. २०२३ च्या ऑक्टोबरपासून सरकारने स्वतःची तारे देण्याची पद्धत सुरू केली, तीत तीन वा अधिक तारे हवे असतील तर स्थिरता-नियंत्रण असलेच पाहिजे असा दंडक घातला. हे स्वागतार्ह आहे. पण चाचणीला गाडी पाठवणे ऐच्छिक! नापास होण्याची भीती असलेल्याने परीक्षेलाच बसू नये, अशी ही सोय.

येथे मधु दंडवते यांची आठवण होणे अपरिहार्य आहे. १९७७ मध्ये ते रेल्वेमंत्री झाले, तेव्हा दुसऱ्या वर्गाचा प्रवासी लाकडी फळीवर झोपून शेकडो मैलांचा प्रवास करीत असे. दंडवत्यांनी त्या फळीवर दोन इंच जाडीची गादी घातली. पहिल्या वर्गाला खाली ओढायचे नाही, दुसऱ्या वर्गाला वर आणायचे आहे, ही त्यामागची भूमिका होती. मोटारीच्या बाबतीत आपली मागणी याहून निराळी नाही. संगीत, छतावरची काच, चामड्याची आसने हे सर्व वरच्या किंमतीच्या आवृत्तीत खुशाल असू द्यावे. पण ओल्या घाटात गाडीचा तोल सांभाळणारी यंत्रणा ही गादीची दोन इंच आहे. ती किंमतीच्या पायरीवर विकायची वस्तू नव्हे. भाड्याच्या गाडीसाठी मालक सर्वांत स्वस्त आवृत्ती घेतो, आणि तीत बारा-चौदा तास बसणाऱ्या चालकाला आपल्या गाडीत काय नाही हे ठाऊकही नसते.

दुचाकीच्या बाबतीत तर वर्गरेषा सरकारनेच इंजिनाच्या घनमापावर आखून दिली. २०१८-१९ मध्ये नियम आला तेव्हा १२५ सीसीच्या वरच्या दुचाकीला एबीएस, आणि खालच्या दुचाकीला दोन्ही ब्रेक एकत्र लावणारी साधी जोडणी पुरे, असे ठरले. गवंडी, दूधवाला, शिक्षण सेवक, कारखान्यातला हंगामी कामगार ज्या दुचाकीवर बसतो ती बहुधा या रेषेखालची असते. ही रेषा पुसण्याचा मसुदा सरकारने काढला तो २०२५ साली.

आणि यंत्रणा दिली तरी ती वापरायची कशी हे सांगतो कोण? वाहन परवान्याच्या परीक्षेत आठचा आकडा काढून दाखवावा लागतो. एबीएसच्या गाडीत संकटसमयी ब्रेक पूर्ण दाबून तसाच धरून ठेवायचा आणि त्याच वेळी गाडी वळवायची, हे कोणी विचारत नाही. पायाखाली पेडल थरथरते, घरघर आवाज येतो, आणि चालक घाबरून पाय उचलतो. ती थरथर म्हणजे यंत्रणा काम करीत असल्याची खूण होय. घसरणाऱ्या गाडीचे चित्र असलेला पिवळा दिवा लुकलुकला तर यंत्रणा जागी आहे आणि वेग कमी करावा. तो कायम लागून राहिला तर ती बिघडली आहे किंवा कोणी बंद केली आहे. खडीवर एबीएस असूनही गाडी थांबायला अधिक अंतर लागू शकते, आणि गुळगुळीत झालेल्या टायरांना कोणतीही यंत्रणा पकड देऊ शकत नाही.

आता दिव्यांकडे वळू, कारण तेथे दोष केवळ कंपन्यांवर ढकलून आपल्याला मोकळे होता येणार नाही. अप्पर आणि डिपर यांतला फरक प्रत्येक चालकाला कळतो, पाळतात थोडे. समोरून येणाऱ्याने डिपर द्यावा, मग मी देईन, अशी ही दोघांची अडवणूक असते आणि तीत सायकलवाला भरडला जातो. त्याच्याकडे उलट झोत टाकण्याचे साधन नसते. तो डोळे मिटून साईडपट्टीवर उतरतो. तेथे खड्डा असो वा चिखल. त्यात बाजारात मिळणारे पांढरे प्रखर बल्ब जुन्या दिव्यांच्या वाट्यांत बसवण्याची टूम निघाली आहे. ती वाटी वेगळ्या बल्बासाठी घडवलेली असल्याने उजेड रस्त्यावर न पडता चहूकडे फाकतो. समोरच्याचे डोळे दिपतील असा दिवा असू नये, असा नियम केंद्रीय मोटार वाहन नियमांत १९८९ पासून आहे.

दिव्याचा कल तपासायला महाग यंत्र लागते असेही नाही. सपाट जागेवर भिंतीपासून दहा मीटरवर गाडी उभी करावी. डिपरच्या उजेडाची वरची कड दिव्याच्या मध्यापेक्षा साधारण दहा सेंटिमीटर खाली पडली पाहिजे. मागे माणसे व सामान भरले की गाडीचे नाक वर उठते आणि डिपरही अप्पर होतो. त्यासाठी अनेक गाड्यांत स्टिअरिंगजवळ आकडे लिहिलेले एक छोटे चक्र असते. ते कशासाठी आहे हे मी डझनभर चालकांना विचारले असेल. दोघांना सांगता आले. पावसात घाटात चारही इंडिकेटर लावून गाडी हाकण्याची एक खुळी चाल पडली आहे. अशी गाडी वळणार केव्हा हे मागच्याला कळतच नाही. नव्या गाड्यांत आणखी एक फसवणूक आहे. दिवसाचे दिवे पुढे आपोआप लागलेले असतात, समोरचे फलकही उजळलेले असतात, त्यामुळे चालकाला वाटते दिवे लागले. मागचे लाल दिवे मात्र विझलेलेच.

मागचा लाल दिवा म्हटला की मला गळीत हंगामाची आठवण होते. दसरा-दिवाळीनंतर बीडकडील टोळ्या कोल्हापूर, सांगली, सोलापूरकडे उतरतात आणि रस्त्यांवर उसाच्या दुहेरी ट्रॉल्या व टायरगाड्या सुरू होतात. एका बैठकीहून रात्री परतताना आमच्या जीपसमोर अशी ट्रॉली अचानक उभी ठाकली. चाक पंक्चर झाले होते. मागे दिवा नव्हता. चार दगड आणि एक झुडपाची फांदी एवढीच सूचना. आमच्या चालकाने कशीबशी जीप काढली. मागे दुचाकी असती तर?

हिशेब सोपा आहे. डिपरच्या उजेडात अंधारी वस्तू पन्नास मीटरच्या आत आल्याखेरीज सहसा दिसत नाही. ताशी ऐंशी किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात बावीस मीटर जाते. ब्रेकवर पाय पडेपर्यंत तेवढे अंतर संपते आणि थांबायला कोरड्या रस्त्यावरही आणखी पस्तीस मीटर लागतात. बेरीज सत्तावन्न. जगातली सर्वांत उत्तम स्थिरता यंत्रणा ही बेरीज पन्नासावर आणू शकत नाही. चकाकणारी पट्टी मात्र शेकडो मीटरवरून दिसते. म्हणून गाडीतल्या लाखाच्या यंत्रणेइतकीच ट्रॉलीवरची काही रुपयांची पट्टीही सुरक्षा-यंत्रणाच आहे.

हंगामाच्या प्रारंभी परिवहन अधिकारी आणि कारखान्याचे पदाधिकारी ट्रॉल्यांना परावर्तक पट्ट्या लावतात, छायाचित्र छापून येते. पण पट्टी लागते ट्रॉलीच्या पत्र्याला, आणि ऊस भरला की वाढ्यांसकट तो पत्र्याबाहेर लोंबतो. पट्टी झाकली जाते, असलाच तर दिवाही झाकला जातो. मागून आदळणारा मरतो तो पुष्कळदा दुचाकीवरचा तरुण. वर झोपलेली टोळीतली बाई खाली फेकली जाते. गुन्हा ट्रॅक्टरच्या चालकावर दाखल होतो. वाहतूक ठेकेदाराकडे आहे असे सांगून कारखाना मोकळा होतो.

ही सबब मान्य करण्याचे कारण नाही. ज्याच्या गव्हाणीत ऊस पडतो त्यानेच तो रात्री दिसेल याची तजवीज केली पाहिजे. भरलेल्या उसाच्या शेवटावर बांधता येईल असा चकाकत्या पट्ट्यांचा कापडी पडदा प्रत्येक वाहनाला कारखान्याने द्यावा, वजनकाट्यावर तो पाहिल्याखेरीज रिकामे वाहन परत सोडू नये, आणि त्याचा खर्च मुकादमाच्या उचलीत वा टोळीच्या हिशेबात कापला जाऊ नये, एवढी मागणी घेऊन या हंगामापूर्वी आपल्या तालुका शाखांनी प्रत्येक कारखान्याच्या कार्यकारी संचालकांना भेटावे. भेटीला ज्या जीपमधून जायचे तिचे दिवे आदल्या दिवशी भिंतीसमोर तपासून घ्यावेत. आमच्या जीपचे मी तपासले. डावा दिवा आभाळाकडे पाहत होता.