'जमवून घे' म्हणू नका

गाइडचा त्रास होतोय असं कुणी म्हटलं की आपल्याकडं उत्तर तयार असतं: जमवून घे, डिग्री पदरात पाड, मग बघ. घरचे हेच सांगतात, सीनियरही हेच. मला हा सल्ला घातक वाटतो, कारण त्यात सगळा दोष गुपचूप विद्यार्थ्याच्या स्वभावावर ढकललेला असतो.

लातूर पॅटर्नमध्ये घासून निघालेल्या आपल्या पोरांनी एक फरक ओळखावा. बारावीचा पेपर तपासणाऱ्याला आपलं नाव माहीत नसायचं. आपण कुठल्या गावचे, कुठल्या जातीचे, सर दिसले की उभे राहतो की नाही, याचा मार्कांशी संबंध नव्हता. पुढं हीच पोरं नांदेडला, पुण्याला, मुंबईला पीएचडीला जातात आणि तिथं सगळं उलटं असतं. विषय ठरवताना, फेलोशिपच्या कागदावर, प्रबंध जमा करताना सही एकाच माणसाची लागते, आणि तो आपल्याला पुरता ओळखून असतो.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. एक सर्व्हर पडला की सगळंच बंद पडत असेल, तर 'सर्व्हरशी गोड बोला' असं आम्ही सांगत नाही. दुसरा सर्व्हर लावतो. मॅनेजर वाईट निघाला तर नोटीस पीरियड भरून मी बाहेर पडू शकतो. चार वर्षं घातलेल्या संशोधकानं कुठं जायचं?

नियम आहेत की, असं कुणी म्हणेल. यूजीसीच्या २०२२ च्या नियमावलीप्रमाणे दर सत्रात संशोधन सल्लागार समितीपुढं प्रगती मांडायची असते. पण या समितीचा निमंत्रक कोण? गाइडच. म्हणजे तक्रार ज्याच्याबद्दल, बैठक त्यानंच बोलवायची!

सीनियरांचंही तेच. 'आम्हीही सोसलं' हे वाक्य पुढच्या बॅचला छळायचा परवाना होऊन बसतं. जळगावच्या डॉ. पायल तडवी मुंबईच्या नायर रुग्णालयात पदव्युत्तर शिक्षण घेत होत्या. सीनियर छळतात, हे आपण आधीच कानावर घातलं होतं, असं त्यांच्या घरच्यांचं म्हणणं आहे. २२ मे २०१९ ला पायलनं जीव दिला. तीन सीनियर डॉक्टरांवर आरोपपत्र दाखल झालं. अजून किती जमवून घ्यायचं असतं?

चांगले गाइड असतात, मुलांसाठी रात्र-रात्र जागणारेही असतात. पण चांगला गाइड मिळणं नशिबावर सोडायचं का? समितीचा निमंत्रक दुसरा कुणी असावा. दर सत्रात दहा मिनिटं गाइडला बाहेर बसवून विद्यार्थ्याचं ऐकावं. गाइड बदलायला जुन्या गाइडची एनओसी लागू नये. या तिन्ही गोष्टींना एक रुपयाही लागत नाही.

तोवर एवढं करा: प्रत्येक चर्चेनंतर काय ठरलं ते त्याच दिवशी गाइडला मेल करा. आणि मित्र त्रास सांगत आला तर 'जमवून घे' म्हणू नका. 'लेखी काय आहे?' असं विचारा आणि अर्ज लिहायला त्याच्या शेजारी बसा.