आधी मूल शांत करा, मग बघू

७ मे २०२२ रोजी रांची विमानतळावर इंडिगोने एका दिव्यांग मुलाला हैदराबादच्या विमानात चढू दिले नाही. मूल बिथरले होते, प्रवाशांच्या सुरक्षिततेचा प्रश्न होता, ते शांत होईल म्हणून आमचे कर्मचारी शेवटच्या क्षणापर्यंत थांबले, असा कंपनीचा खुलासा. नागरी विमान वाहतुकीचे नियमन करणाऱ्या डीजीसीएच्या चौकशीत उलटेच निघाले: कर्मचाऱ्यांच्या वागण्यानेच प्रसंग चिघळला, जरा मायेने घेतले असते तर मूल निवळले असते. ५ लाख रुपयांचा दंड झाला. मला दंडापेक्षा तो ‘थांबलो होतो’ हा बचाव महत्त्वाचा वाटतो. आईवडिलांनी मूल गप्प करून आणायचे आणि आपण घड्याळ बघत उभे राहायचे, यालाच आपल्याकडे समजून घेणे म्हणतात.

शाळेच्या प्रवेशाला, एसटीत, लग्नाच्या मांडवात हेच चालते. ‘तुम्हीच लोकांना समजावून सांगा, जागृती करा’ असा सल्ला पालकांना देणारी भली माणसे पुष्कळ. थेरपी आणि प्रमाणपत्राचे हेलपाटे यांतून उरलेल्या वेळात त्यांनी समाजशिक्षणही करावे! २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने हे ओझे त्यांच्यावर टाकलेले नाही. वाजवी सोय नाकारणे हा भेदभावच, असे तो म्हणतो. शिक्षक, डॉक्टर, परिचारिका, पोलीस, न्यायाधीश यांच्या प्रशिक्षणात हा विषय आणण्याची जबाबदारी कलम ४७ सरकारवर टाकते. म्हणजे समज ही नोकरीच्या तयारीचा भाग आहे, स्वभावाच्या चांगुलपणाचा नव्हे.

यावर आक्षेप येतो तो इतरांच्या सुरक्षिततेचा, आणि तो खोटा नाही. शंभर-दीडशे माणसांची जबाबदारी असलेल्याने पाच मिनिटांत काय ठरवायचे? पण प्रशिक्षण हवे ते त्या पाच मिनिटांसाठीच. भोवतीची गर्दी हटवणे, आवाज खाली आणणे, मुलाला आधी चढवायचे की शेवटी हे आईला विचारणे, यातल्या कशालाही तज्ज्ञ लागत नाही. घाबरलेल्या मुलासमोर दरडावणारा गणवेश उभा केला तर धोका वाढतोच, आणि मग तोच वाढलेला धोका नकाराचे कारण म्हणून पुढे येतो. पालकांनी आधी कळवावे, हेही म्हटले जाते. कळवावे की. पण सांगितल्यावर सोय होण्याऐवजी दार बंद होणार असेल, तर लपवणाऱ्या पालकांना मी दोष देणार नाही.

या प्रकरणानंतर जुलै २०२२ मध्ये डीजीसीएने नियम बदलला. केवळ अपंगत्वामुळे प्रवास नाकारता येणार नाही. प्रवाशाची प्रकृती वाटेत बिघडेल असे वाटले तर विमानतळावरच्या डॉक्टरकडून तपासणी करून घ्यायची. बदल चांगलाच आहे. तरी डॉक्टर नाडी बघेल, ताप बघेल. दिव्यांच्या झगमगाटाने, परक्यांच्या घोळक्याने कावलेल्या मुलाला यांतले काहीच झालेले नसते. त्याच्याशी कसे बोलायचे हे आधी कळायला हवे ते बोर्डिंग पास तपासणाऱ्याला, आणि हा नियम डॉक्टरला बोलावतो.