मोठा वर्ग नको, एकट्याची शिकवणीही नको

प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात ६१ कॅव्हलरीचे घोडेस्वार दिसले, की दिल्लीतल्या अनेक घरांत मुलांचा हट्ट सुरू होतो. २०२३च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेनंतर तो हट्ट पालकांनाही अगदीच बालिश वाटू नये. तिथे सुदीप्ती हजेला, दिव्यकृती सिंह, हृदय छेडा आणि अनुष अगरवाला यांनी ड्रेसाजचे सांघिक सुवर्णपदक जिंकले. ड्रेसाज म्हणजे बारीक इशाऱ्यांवर घोड्याला तालात चालवण्याचा खेळ. घोडेस्वारीतले त्याआधीचे भारताचे आशियाई सुवर्ण १९८२ सालचे, दिल्लीतल्याच स्पर्धेतले.

दिल्ली, गुडगाव, नोएडा परिसरात घोडेस्वारी शिकण्याची सोय आहे. फी भरताना आईवडिलांना वाटते, शिक्षक एकट्या आपल्याच मुलाला शिकवणार असेल तर पैसे वसूल! इथेच गल्लत होते. मुलाला वर बसवले, मोतद्दाराने लगाम धरून गोल गोल फिरवले आणि अर्ध्या तासाने उतरवले, तर ती नुसती रपेट झाली. उलट वीस जणांच्या घोळक्यात पाळी येईपर्यंत मूल कंटाळते. घोड्याचे हाल तर विचारूच नका. एकामागून एक नवखे हात त्याच्या तोंडातली कडी खेचत राहतात.

नवशिक्यांसाठी चार-पाच जणांची तुकडी उत्तम. घोडा अडला तर चूक कुणाची, हे वर बसलेल्याला कळत नाही. पण शेजारची मुलगी टाचही मारते आणि लगामही ताणून धरते, म्हणून तिचा घोडा गोंधळतो, हे कठड्याशी उभ्या असलेल्याला चटकन दिसते. मग स्वतःची पाळी आली की त्याचा हात आपोआप सैल पडतो. पुढच्या खेपेला घोड्यांची अदलाबदल होते आणि एकाला चालणारा इशारा दुसऱ्याला जड होतो, हेही समजते. शिवाय घोडा कळपातला प्राणी. पुढे शांत सोबती चालत असेल तर बुजरा घोडाही सावरतो आणि त्याच्यावर बसलेले मूलही. मात्र दोन घोड्यांत निदान एका घोड्याएवढे अंतर हवेच.

खरी ओळख होते ती खोगीर चढवण्याआधी, खरारा करताना आणि खूर साफ करताना. घोड्याला जवळजवळ चहूकडचे दिसते, पण थेट शेपटीमागचे आणि कपाळासमोरचे दिसत नाही. म्हणून बोलत बोलत खांद्याच्या बाजूने जवळ जावे. कान मागे चपटे झाले तर तो रागावला आहे, थांबावे. तुकडी लहान असली तर प्रत्येकाच्या वाट्याला एक घोडा येतो आणि शिक्षकाची नजर सगळ्यांवर राहते. शिवकाळात पागेतल्या २५ बारगिरांमागे एक हवालदार असे आणि त्यांच्याच दिमतीला पखालजी व नालबंदही. घोड्याचे पाणी आणि नाल ही कामे तुकडीतलीच मानली जात.

पैसे भरण्याआधी एक तास नुसता बघून यावे. एका शिक्षकामागे मुले किती, खरारा मुले करतात की मोतद्दार, डोक्याला नीट बसणारी हेल्मेट आहेत का, खोगिराखाली घोड्याच्या पाठीवर जखमा आहेत का? मुलाला लहानशा टाचेचे बूट घ्यावेत, म्हणजे पाय रिकिबीत अडकत नाही. मे-जूनमध्ये दिल्लीचा पारा चाळिशी ओलांडतो. तेव्हाही भर दुपारी वर्ग भरत असेल, तर दुसरे ठिकाण शोधावे.