दिवाळी ते होळी: मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांचे महिने

नंदुरबार जिल्ह्यात सातपुड्यातल्या काठी गावची राजवाडी होळी आता सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. 1246 सालापासूनची परंपरा सांगितली जाते. नुसत्या हातांनी खोदलेला खड्डा, त्यात उभा केलेला उंचच उंच बांबू, अंगावर पांढरे ठिपके काढून कमरेला सुके भोपळे आणि घुंगरं बांधलेले बुध्या, रात्रभर ढोल आणि पहाटे पेटणारी होळी. फोटो निघतात ते नाचणाऱ्या तरुणांचे. पण कोणता विधी कधी, पालनी म्हणजे होळीचं व्रत कसं पाळायचं, हे गावातल्या जाणत्यांना विचारूनच ठरतं. त्या दिवसांत म्हाताऱ्या माणसाच्या शब्दाला वजन असतं.

मला लिहायचंय ते होळीच्या आधीच्या महिन्यांबद्दल. दिवाळी आटोपली की अक्कलकुवा आणि धडगाव तालुक्यातली कितीतरी कुटुंबं पोटामागे गुजरातेत उतरतात. कुणी ऊसतोडीला, कुणी सौराष्ट्रात शेतमजुरीला. घरी राहतात आजा-आजी, शेळ्या, कोंबड्या आणि पुष्कळ घरांत शाळेत जाणारी नातवंडं. पाडे टेकड्यांवर विखुरलेले. एका घरातली हाक दुसऱ्या घरी पोचेलच असं नाही. आपल्याकडे वृद्धांच्या काळजीचा विषय निघाला की चर्चा थेट पुण्या-मुंबईच्या वृद्धाश्रमांवर जाते. सातपुड्यात म्हाताऱ्यांना सांभाळणारं घर हेच, आणि त्या घरातले सांभाळणारे हात हंगामभर जिल्ह्याबाहेर असतात.

अशा घरातली आजी ‘मला उदास वाटतं’ असं म्हणत नाही. गावात आरोग्याचं काम करणारी आशाताई दारात आली की आजी कंबर दाखवते. झोप लागत नाही, भूक मेली, अंगात बळ नाही, हेच सांगते. आशाताई गोळ्या देते, आजी त्या फडक्यात बांधून ठेवते. चूल पेटते ती नातवंडांपुरती. पूर्वी भल्या पहाटे मोहफुलं वेचायला जाणारी बाई ऊन चढेपर्यंत उंबऱ्यावर बसून राहते आणि शेजारीण म्हणते, वय झालं आता. माझा राग आहे तो या वाक्यावर. वय झाल्याने गुडघे दुखतील, दिसायला कमी येईल. जगण्यातला रस आटणं हा वयाचा भाग नाही, तो आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत.

नैराश्याचा हा आजार किती पसरला आहे, हे सरकारी आकडेच सांगतात. केंद्र सरकारच्या आरोग्य मंत्रालयाने 2017-18 मध्ये करवून घेतलेल्या ‘लासी’ या देशव्यापी पाहणीत साठी ओलांडलेल्या शंभरातल्या सुमारे आठ जणांमध्ये गंभीर नैराश्याची लक्षणं आढळली. आणि आपल्याला नैराश्याचं निदान झालंय, असं सांगणारे? शंभरात एकही भरत नाही. म्हणजे लक्षणं असलेल्या दहांतल्या जवळपास नऊ म्हाताऱ्यांचं दुखणं कुणी ओळखलेलंच नाही. हे सगळ्या देशाचं चित्र. जिथे दवाखान्यापर्यंत पोचायलाच घाट उतरावा लागतो, तिथे ते याहून बरं असेल असं मानायला काही आधार नाही.

‘पण डोंगरात मानसोपचारतज्ज्ञ आणायचा कुठून?’ हा प्रश्न लगेच येतो. त्याचं उत्तर शेजारच्या गोव्याने देऊन ठेवलंय. तिथे ‘संगत’ ही संस्था 1996 पासून मानसिक आरोग्यावर काम करते. डॉ. अमित डायस, डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नैराश्याची सौम्य लक्षणं असलेल्या, साठीपुढच्या 181 जणांना घेऊन एक चाचणी केली. समुपदेशन करणारे डॉक्टर नव्हते, मानसशास्त्राचे पदवीधरही नव्हते. प्रशिक्षण दिलेली स्थानिक माणसं होती. ती म्हाताऱ्यांशी बोलत, आज कोणती अडचण आहे ती नेमकी शोधत आणि तिच्यावर दोघं मिळून वाट काढत. झोप कशी सुधारायची, मधुमेहासारखं दुखणं कसं सांभाळायचं, सरकारी योजनेचा लाभ कसा मिळवायचा, हेसुद्धा त्याच भेटींत. वर्षभरानंतर ज्यांना ही सोबत मिळाली त्यांच्यात गंभीर नैराश्याचं प्रमाण 4.4 टक्के होतं, इतरांत 14.4 टक्के. 2019 मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. झिंबाब्वेच्या हरारे शहरात तर डॉ. डिक्सन चिबांडांनी दवाखान्याच्या आवारातल्या बाकांवर आज्यांनाच समुपदेशक म्हणून बसवलं. ऐकून घेणं हे त्यांचं आयुष्यभराचं कसब होतंच, प्रशिक्षणाने त्याला शिस्त आली.

योजनेचा लाभ मिळवून देणं हा गोव्यात उपचाराचाच भाग होता, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. श्रावणबाळ योजनेचे महिन्याचे 1500 रुपये आपल्याला किरकोळ वाटतील. पण ते काढायला मोलगी गाव गाठायचं, तिथे झिजलेल्या बोटांचा ठसा यंत्राने घ्यायचा नाही आणि रिकाम्या हाताने परत चढण चढायची. असं दोन-तीनदा झालं की माणूस जाणंच सोडतो. त्याला ‘मन रमवा’ सांगून काय उपयोग? तेच मोतीबिंदूचं आणि ऐकू न येण्याचं. दिसेनासं झालं की बाहेर पडणं थांबतं, ऐकू येईनासं झालं की बोलणं. थायरॉईड, बी-12ची कमतरता ही कारणंही तपासायलाच हवीत. आणि आजार बळावला असेल तर नैराश्यावरच्या गोळ्या म्हातारपणीही लागू पडतात, त्या नाकारू नयेत.

नवं काही उभारायचीही गरज नाही. आशाताईंच्या तपासणी अर्जात मनाविषयीचे दोन प्रश्न आधीच छापलेले आहेत: गेल्या दोन आठवड्यांत कामात रस वाटेनासा झालाय का, उदास किंवा निराश वाटतं का? ते आजीच्या घरच्या बोलीत, चुलीजवळ बसून, घाई न करता विचारले गेले पाहिजेत. उत्तर ‘हो’ आलं तर पुढची भेट कधी आणि कोणाची, हे ठरलेलं असलं पाहिजे. या वेळेचे पैसे आशाताईला मिळाले पाहिजेत. कामाच्या मोबदल्यावर जगणाऱ्या बाईकडून फुकट माया मागणं हा अन्याय आहे.

नंदुरबार जिल्हा परिषदेकडे माझी मागणी एवढीच आहे. यंदा दिवाळीपूर्वी, मजुरांचे ट्रक भरायच्या आत, ज्या घरात फक्त म्हातारी माणसं किंवा त्यांच्यासोबत नातवंडं उरणार आहेत त्या घरांची पाडानिहाय यादी करा. होळीपर्यंत दर आठवड्याला त्या दारात एक माणूस जाईल, याची जबाबदारी नावानिशी ठरवा. त्यात पाड्यावरच्या धडधाकट आज्यांनाही मानधन देऊन घ्या. आणि तोडीला गेलेल्या लेकांनो, फोन लागला की पैशांआधी विचारा, आई, बी कोणतं ठेवायचं, शेळी विकायची की ठेवायची. तिचा सल्ला घ्या आणि तो पाळा. कुणाचं मन फारच खचलेलं दिसलं तर सरकारच्या टेलिमानस या मदतवाहिनीचा क्रमांक 14416 आहे. तो चोवीस तास चालतो, फोनला पैसे पडत नाहीत. घरातल्या भिंतीवर खडूने लिहून ठेवा.