पोते तपासतो, मग फोनमधली फाईल का नाही?

बार्शीच्या बाजार समितीत सोयाबीनचे पोते आले की व्यापारी वरच्या दाण्यांवर विसंबत नाही. पोत्यात नळी खुपसून आतला माल तळहातावर घेतो, ओल बघतो, माती बघतो आणि मगच भाव बोलतो. आपण मात्र फोनवर आलेल्या फाईलला बोट लावून मोकळे होतो!

गेली काही वर्षे ‘पीएम किसान’च्या नावाने व्हॉट्सॲपवर अशा फाईली फिरताहेत. नावाच्या शेवटी ‘एपीके’ असते. दोन हजारांचा हप्ता अडकलाय, हे ॲप टाका, असा निरोप सोबत असतो. वरून सरकारी, आतून भलताच माल.

हा माल ओळखणारी माणसे आहेत. त्यांना ‘एथिकल हॅकर’ म्हणतात. विद्या चोराची, पण काम राखणीचे. ते अशी फाईल वेगळ्या ठेवलेल्या रिकाम्या फोनवर चालवून बघतात, तिचा एकेक भाग सुटा करून वाचतात. ॲप कोणत्या परवानग्या मागते, आलेले मेसेज वाचते का, ते कुठे पाठवते, हे त्यातून उघडे पडते. हप्त्याची माहिती देणाऱ्या ॲपला आपले मेसेज वाचून करायचंय काय? बँकेचा ओटीपी त्याच वाटेने चोराच्या हाती जातो.

आत शिरलेली कीड वेळेवर दिसली नाही तर काय होते, ते पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेने ऑगस्ट २०१८ मध्ये भोगले. एटीएमच्या यंत्रणेत घुसवलेल्या घातक सॉफ्टवेअरने खात्याची तपासणी टाळून परस्पर ‘पैसे द्या’ असा होकार दिला. ११ आणि १३ ऑगस्टला मिळून ९४ कोटींहून जास्त रुपये गेले. २८ देशांतल्या एटीएममधून रकमा निघाल्या.

पण कीड दाखवणारा असून भागत नाही, ऐकणाराही लागतो. २०२२ च्या जानेवारीत एका संशोधकाने सरकारला कळवले, की पीएम किसानच्या संकेतस्थळाच्या एका भागातून शेतकऱ्यांचे आधार क्रमांक उघडे पडताहेत. दुरुस्तीला मे महिना उजाडला. कीड दिसल्यावर चार महिन्यांनी फवारणी करणाऱ्याच्या पदरात काय पीक पडणार? अशा इशाऱ्याची दखल किती दिवसांत घ्यायची, याची मुदत सरकारने बांधून घ्यायला हवी.

गावपातळीवरही काम आहे. तलाठी भाऊसाहेब आणि ग्रामसेवकांनी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहावे: व्हॉट्सॲपवर आलेली ‘एपीके’ फाईल उघडू नका, पुढे पाठवू नका. फसगत झालीच तर लाजेपोटी गप्प बसू नये. फोनचे इंटरनेट बंद करावे, दुसऱ्या फोनवरून लगेच बँकेला आणि १९३० या क्रमांकावर कळवावे. पाठवणाऱ्याचा नंबर आणि ती फाईल पोलिसांना दाखवेपर्यंत पुसू नये. तपासणाऱ्याला हाच नमुना लागतो. तो हाती आला, तर शेजारच्या गावाचा हप्ता तरी वाचेल.