वार्धक्याची प्रश्नपत्रिका

वार्धक्य घरोघरी असते. त्यामुळे त्याविषयी आपणांस सर्व ठाऊक आहे, असा समज सहज दृढ होतो. हा समज तपासण्यासाठी अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाचे समाजशास्त्रज्ञ अर्डमन पामोर यांनी १९७७ साली २५ विधानांची एक प्रश्नपत्रिका प्रसिद्ध केली. प्रत्येक विधान ‘बरोबर’ की ‘चूक’, एवढेच सांगावयाचे. विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्यांनी ती सोडवली.

‘वृद्धांना नवीन गोष्ट शिकणे जवळजवळ अशक्य असते’ हे विधान चूक. मात्र ‘नवीन शिकण्यास त्यांना अधिक वेळ लागतो’ हे बरोबर. विलंब आणि असमर्थता यांतील हा भेद अनेकदा ध्यानात येत नाही.

पामोर केवळ गुण मोजून थांबले नाहीत. काही चुका वृद्धांना कमी लेखतात, तर काही त्यांचे अवास्तव कौतुक करतात. जमाखर्चातून शिल्लक काढावी, तशी या दोहोंच्या वजाबाकीतून उत्तर देणाऱ्याच्या मनाचा कल त्यांनी पाहिला.

या पद्धतीलाही मर्यादा होत्या. नाणे उडवून उत्तरे दिली, तरी सरासरीने निम्मी बरोबर येतात. म्हणून पुढे ‘माहीत नाही’ हा पर्याय जोडला गेला. त्यामुळे अज्ञान आणि गैरसमज वेगळे ओळखता येऊ लागले. अज्ञान माहितीने भरून निघते. गैरसमज मात्र आधी उपटून काढावा लागतो.

उत्तरेही कायमची नसतात. ‘अमेरिकेच्या लोकसंख्येत ६५ वर्षे व त्यावरील व्यक्ती १५ टक्क्यांहून अधिक आहेत’ हे विधान १९७७ साली चूक होते. २०२० च्या जनगणनेत हे प्रमाण सुमारे १७ टक्के होते.

हे मोजमाप केवळ परीक्षेपुरते नाही. वैद्यक वा परिचर्येचा विद्यार्थी ‘वय झाले, विसरणारच’ असे मानून बाहेर पडला, तर थायरॉइडची उणीव, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, नैराश्य किंवा औषधांचा दुष्परिणाम ही विस्मरणाची उपचारयोग्य कारणे तपासावयाची राहून जातात. घरातही ‘त्यांना आता काय समजणार’ असे म्हणून वडीलधाऱ्यांना न विचारताच त्यांच्या उपचारांचे, ठेवींचे आणि राहण्याचे निर्णय होतात. असा निर्णय घेण्यापूर्वी प्रत्येकाने स्वतःस विचारावे: हे आपणांस माहीत आहे, की आपण केवळ गृहीत धरले आहे?