विजेची गाडी घेताना

दिवाळ्यातले आपले तरुण कर्ज काढून विजेची मोटार घ्यायचे म्हणतात, तेव्हा पहिला प्रश्न 'पिकअप किती?' पिकअपने हप्ता फिटत नाही.

२०२५ साली टाटाची विजेवरची हॅरिअर आली. तिच्या वरच्या मॉडेलला पुढे-मागे दोन मोटरी, चारही चाकांना जोर. किंमत होती २८ लाखांवर. चिखल, वाळू असेल तेथे तो जोर कामाचा. बेलापूर-वाशीच्या डांबरी रस्त्यावर त्याचे काय करायचे? टिआगोला एकच मोटर, जोर फक्त पुढच्या चाकांना. तो पुरतो. विजेची मोटर उभ्या जागेवरूनच पूर्ण जोर लावते, म्हणून लहान गाडीही सिग्नलला रेंगाळत नाही.

विचार करा तो बॅटरीचा. टिआगो २०२२ साली १९.२ आणि २४ युनिटच्या बॅटरीत आली. लाइटबिलातले युनिट तेच हे. महाडला चवदार तळ्यावर जाऊन यायचे तर अडीचशे किलोमीटरांच्या वर होतात. घरची पाच माणसे, एसी धरला तर मोठ्या बॅटरीलाही वाटेत चार्जिंग लागणारच.

आणि गावठाणात गाडीशेजारी प्लग कुठे आहे? साध्या १५ अँपिअरच्या प्लगवर २४ युनिट भरायला जवळजवळ रात्र जाते. तेव्हा शोरूमच्या आधी वायरमनला बोलवा आणि आपल्या मीटरवर तेवढा भार चालेल का, ते विचारून घ्या.